विश्लेषण : एकाचे दोन दिसतात, पण रिपोर्ट नॉर्मल… मग रुग्ण खोटे बोलतो का?

समोरून येणारी एक रिक्षा दोन दिसते. जिना उतरताना खरी पायरी कोणती, ते कळत नाही. संध्याकाळी मोबाइलवरच्या ओळी एकमेकींवर चढतात, सकाळी मात्र सगळे ठीक. अशा तक्रारीचा प्रवास बहुतेकदा ठरलेला असतो. आधी चष्म्याचा नंबर तपासला जातो, मग रक्त, मग एमआरआय. सगळे नॉर्मल येते. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, ‘काही नाही, टेन्शन घेतोस तू’ असे सांगून विषय संपवला जातो. रुग्णाला मात्र अजूनही दोनच रिक्षा दिसत असतात. ‘रिपोर्ट नॉर्मल’ आणि ‘आजार नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. ती एकच मानल्याने होणारे नुकसान मोठे आहे.

एकाचे दोन का दिसते?

प्रत्येक डोळा सहा स्नायू हलवतात आणि त्या स्नायूंना मेंदूकडून येणाऱ्या तीन नसा आदेश देतात. दोन्ही डोळे एकाच बिंदूवर रोखले गेले, तरच मेंदू दोन चित्रांचे एक चित्र करतो. मेंदू, नस, स्नायू किंवा नस आणि स्नायू यांचा सांधा यांपैकी कुठेही बिघाड झाला, तर एकाचे दोन दिसते. वैद्यकीय भाषेत याला ‘डिप्लोपिया’ म्हणतात.

पहिली परीक्षा घरीच करता येते. आळीपाळीने एकेक डोळा झाकावा. कोणताही एक डोळा झाकताच दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर दोन डोळ्यांचा ताळमेळ बिघडला आहे. एकाच डोळ्याने पाहतानाही दोन दिसत असतील, तर दोष बहुतेकदा त्या डोळ्यातच असतो. उदाहरणार्थ मोतीबिंदू, कोरडेपणा किंवा चष्म्याचा नंबर. डॉक्टरांना सांगण्याजोगी ही सर्वांत मोलाची माहिती आहे.

थांबू नये, असे केव्हा?

दोन दिसणे अचानक सुरू झाले आणि सोबत तीव्र डोकेदुखी, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली ताकद जाणे किंवा तोल जाणे असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. एका डोळ्याची पापणी खाली आली आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागली, तर मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तरीही वाट पाहू नये. साठीच्या आसपास किंवा पुढच्या वयात कानशील दुखणे आणि चावताना जबडा दुखणे यांचीही तातडीने तपासणी हवी. त्यात दृष्टी कायमची जाण्याचा धोका असतो.

एमआरआय नॉर्मल असूनही आजार कसा?

एमआरआय मुख्यतः रचना दाखवतो. गाठ, सूज, रक्तस्राव, व्रण त्यात दिसतात. मात्र यंत्राचे सगळे भाग जागेवर असूनही जोडणीत दोष असू शकतो. ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ या आजारात नेमके हेच होते. शरीराची प्रतिकारशक्ती नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरच हल्ला करते. त्यामुळे स्नायू वापरले की थकतात आणि विश्रांतीने सावरतात. सकाळी ठीक आणि संध्याकाळी दोन, हे त्याचे नेहमीचे रूप. तपासणीची वेळ सकाळची असेल, तर डॉक्टरांसमोर लक्षण दिसतही नाही. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल, तर सुमारे निम्म्या रुग्णांत नेहमीची अँटिबॉडी तपासणीही निगेटिव्ह येते.

मधुमेहातही डोळ्याची एखादी नस रक्तपुरवठ्याअभावी तात्पुरती निकामी होते. तेव्हा एमआरआय बहुतेकदा स्वच्छ असतो आणि दृष्टी साधारण तीन महिन्यांत पूर्ववत होते.

इतिहास काय सांगतो?

लंडनचे डॉक्टर सॅम्युअल विल्क्स यांनी १८७७ मध्ये एका तरुणीची नोंद केली. तिच्या अशक्तपणाला आधी उन्माद समजले गेले. पुढे श्वास थांबून तिचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात मेंदूत काहीही सापडले नाही. त्या काळचा हा ‘नॉर्मल रिपोर्ट’च होता. आज ती नोंद मायस्थेनियाच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक मानली जाते. १९३४ मध्ये डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिनच्या इंजेक्शनने अशा रुग्णाची ताकद तात्पुरती परत येते हे दाखवले, तर अँटिबॉडीचा उलगडा व्हायला १९७० चे दशक उजाडले. अमिताभ बच्चन यांना १९८० च्या दशकात हाच आजार झाला, तोवर त्याला नाव आणि औषध दोन्ही मिळाले होते. विल्क्स यांच्या रुग्णाचा त्रास काही कमी खरा नव्हता. तपासणी मागे होती, एवढेच.

‘मानसिक आहे’ हे निदान असते का?

काही रुग्णांत मेंदूची रचना शाबूत असते, पण आदेश देण्या-घेण्याचे काम बिघडते. त्याला ‘फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर’ म्हणतात. तो खरा आजार आहे, नाटक नव्हे. रिपोर्ट रिकामे आले म्हणून तो ठरवायचा नसतो. त्याच्या स्वतःच्या खुणा असतात. उदाहरणार्थ, सांगितल्यावर जो पाय खाली दाबता येत नाही, तोच पाय दुसरा पाय उचलताना नकळत जोर लावतो. फिजिओथेरपी आणि समुपदेशन यांचा यात उपयोग होतो. खुणा न तपासता ‘मनाचे आहे’ म्हणणे हा मात्र निष्कर्ष नव्हे, पळवाट आहे.

निदान होईपर्यंत काय करावे?

- वहीत रोज नोंद ठेवावी : त्रास किती वाजता, किती वेळ, कशाने वाढला, कशाने ओसरला.
- पापणी खाली येते तेव्हा मोबाइलवर व्हिडीओ काढावा. येणारे-जाणारे लक्षण डॉक्टरांना दाखवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.
- दोन दिसत असताना वाहन चालवू नये. जिन्यात कठडा धरावा.
- मोठ्या माणसांनी चष्म्याच्या एका काचेवर धुरकट चिकटपट्टी लावली, तर दुसरी प्रतिमा झाकली जाते. लहान मुलांचा डोळा मात्र नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय झाकू नये.
- मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. काही अँटिबायोटिकमुळे मायस्थेनिया बळावतो.
- सगळे जुने रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावावेत. त्रास बदलला, तर पुन्हा तपासणी मागण्यात संकोच नको.

इतरांची जबाबदारी कोणती?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मज्जासंस्थेचे दीर्घकालीन विकार आहेत. पण प्रमाणपत्र मागायला आधी आजाराचे नाव लागते. ज्याला अजून नावच मिळालेले नाही, तो ना आजारी ठरतो ना धडधाकट. या मधल्या काळात कार्यालयाने स्क्रीनचे काम कमी करणे, दुपारनंतर विश्रांती देणे किंवा प्रवास टाळू देणे यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही. घरच्यांनी ‘काल तर ठीक होतास’ असे म्हणण्याआधी लक्षात घ्यावे, की चढउतार हेच काही आजारांचे लक्षण असते.

डॉक्टरांकडूनही एका वाक्याची अपेक्षा आहे : ‘अजून कळलेले नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.’ या वाक्याने आजार बरा होत नाही. पण रुग्ण पुन्हा येतो. ‘काही नाही’ ऐकलेला रुग्ण येत नाही, आणि चुकलेले निदान बहुतेकदा त्या न झालेल्या भेटीतच राहून जाते.