वारसा पाहून आलो, म्हणे!

दसरा झाला की आमच्या हिंगणघाटात दोन गोष्टींची आवक सुरू होते. बाजारात कापसाच्या गाड्या येऊ लागतात आणि परदेशची सहल करून आलेली माणसे फराळाच्या ताटावरून बोलू लागतात. कापसाची प्रत पाहणारे लोक आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका प्रकारचेच नाव होते. चिमूटभर रुई बोटांत धरायची, हलकेच ओढायची आणि धाग्याची लांबी पाहून भाव सांगायचा! सहलीची प्रत मात्र कोणी पाहत नाही. किती देश झाले, किती दिवस लागले आणि जेवण आपले मिळाले की नाही, एवढे विचारले की संपले. तो धागा जरा ओढून पाहावा, एवढ्यासाठी हा लेख.

संपादकमहाशयांची आधीच क्षमा मागतो. दिवाळी अंक आणि सहलीच्या जाहिराती ह्यांचे नाते आता चकली आणि चिवड्याइतके जवळचे झाले आहे. वाचकांनी हे पान उलटले, तर पलीकडे एखादी कंपनी बर्फाच्या डोंगरासमोर हसतमुख उभी असेलही. तिने रागावू नये. अंक निघतो तो तिच्या पैशावर, हे मला ठाऊक आहे.

मी स्वतः अशी एक सहल केली आहे. मी नुसता मॅट्रिक. दिवसा पोरांना मराठी आणि इतिहास शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो. ह्या दोन्ही धंद्यांत युरोपला जाण्याइतके पैसे सुटत नाहीत. पैसे भाच्याने भरले. ‘बल्गेरिया आणि रुमानिया : सांस्कृतिक वारशाचे मार्गदर्शित दर्शन’ असे छापील पत्रकावर लिहिले होते. आम्ही बत्तीस जण होतो, सगळे मराठी. बरोबर एक व्यवस्थापक, त्याच्या हातात छत्री आणि छत्रीच्या मागे आम्ही. लोक चांगले होते, गाडी चांगली होती, जेवणात वरणभातही होता. माझी तक्रार सोयीबद्दल नाही. आम्हांला वारसा म्हणून जे दाखवले, त्याबद्दल आहे.

पहिले उदाहरण ब्रानच्या किल्ल्याचे. रुमानियात कार्पेथियन पर्वताच्या एका खिंडीशी हा किल्ला उभा आहे. गाडीत दोन तास आधीपासून त्याचे वातावरण तयार करण्यात आले. दिवे मालवले, ध्वनिवर्धकावरून लांडगे ओरडवले आणि ‘ड्रॅक्युलाचा किल्ला!’ असे जाहीर झाले. बायकामुले आनंदाने किंचाळली. आता खरी हकीकत ऐका. ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी 1897 साली ब्रॅम स्टोकर ह्या आयरिश लेखकाने लिहिली. त्या गृहस्थाने रुमानियात कधी पाऊलही टाकले नव्हते. ज्या व्लाद नावाच्या राजाचे टोपणनाव त्याने उचलले, त्या राजाचा हा किल्ला नव्हे. ब्राशोव्ह गावच्या जर्मन वंशाच्या रहिवाशांना 1377 साली हंगेरीच्या राजाने परवानगी दिली, तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या खर्चाने आणि श्रमाने बांधला. कशासाठी? खिंडीतून जाणाऱ्या मालावर नजर ठेवावी आणि जकात घ्यावी म्हणून. म्हणजे आम्ही भुताचे घर समजून एक जकातनाके पाहून आलो! आमच्या नगरपालिकेचे नाके होते तेव्हा ते पाहायला कोणी तिकीट काढल्याचे आठवत नाही.

‘गुरुजी, माणूस सुट्टीत जरा गंमत करायला जातो. त्यात एवढे काय बिघडले?’ असे आमच्या गाडीतल्या एका काकूंनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. भुताची गोष्ट मलाही आवडते, मी तर कादंबऱ्याच लिहितो. पण गोष्ट ही गोष्ट म्हणून सांगावी, इतिहास म्हणून विकू नये. आणि दुसरे असे, की खरी हकीकत जास्त गमतीची होती. एका गावचे लोक एकत्र येतात, राजाकडून परवाना मिळवतात, किल्ला बांधतात आणि चालवतात, हे आमच्या कापूसबाजाराच्या गावातल्या माणसाला चटकन समजले असते. ते सांगायला पाच मिनिटे लागली असती. लांडग्यांना वीस मिनिटे दिली होती.

बुखारेस्टला संसदेचा प्रचंड वाडा आहे. चाउशेस्कू ह्या हुकूमशहाने 1984 साली त्याची पायाभरणी केली आणि तो पुरा होण्यापूर्वी, 1989 च्या नाताळच्या दिवशी, तो स्वतः गोळ्यांना बळी पडला. वाड्याचे वजन किती, दालने किती, झुंबरे किती, हे सगळे आम्हांला पाठ करून घेतल्यासारखे सांगण्यात आले. वाड्याच्या जागी आधी काय होते, असे मी विचारले. व्यवस्थापक म्हणाला, ‘ते आपल्या कार्यक्रमात नाही, गुरुजी.’ कार्यक्रमात नाही हे खरेच होते. तिथे जुन्या शहराची अख्खी वस्ती होती. घरे पाडली, हजारो कुटुंबे हलवली, प्रार्थनामंदिरे जमीनदोस्त केली. काही मंदिरे मात्र वाचली, आणि ती कशी वाचली हे ऐकाल तर थक्क व्हाल. यूजेन्यू इयोर्दाकेस्कू नावाच्या अभियंत्याने ती पायापासून कापून, खाली काँक्रीटचा तळ घालून, चक्क रुळांवरून सरकवली. सोळाव्या शतकातले मिहाई व्होदाचे मंदिर 1985 साली असे जवळजवळ तीनशे मीटर सरकले आणि आज बहुमजली इमारतींच्या मागे लपून उभे आहे. वारसा म्हणतात तो कोणता? हुकूमशहाने बांधला तो, की एका माणसाने त्याच्या तावडीतून सरकवून नेला तो? आमच्या छत्रीने पहिल्यापुढे दीड तास घालवला. दुसऱ्याचे नावही घेतले नाही.

आता आपल्याच लोकांविषयी थोडे कडू बोलतो. सोफिया शहराजवळ बोयाना नावाचे लहानसे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंतींवर 1259 सालची चित्रे आहेत. कालोयान नावाचा सरदार आणि त्याची पत्नी देसिस्लावा ह्यांचे चेहरे असे जिवंत, की आत्ता बोलतील. माणसांच्या श्वासाच्या दमटपणाने रंग बिघडतात म्हणून तिथे मोजकीच माणसे एका वेळी आत सोडतात, तीही दहा मिनिटांसाठी. दहा मिनिटे झाली की दार उघडते, तुम्ही बाहेर. त्या दारासमोर आमच्या मंडळींनी जो गोंगाट केला तो ऐकून मला मान खाली घालावी लागली. ‘एवढे पैसे भरले आणि दहाच मिनिटे?’ ‘फोटो का काढू देत नाहीत?’ एका भाऊंनी तर व्यवस्थापकाकडे पैशाचा परतावा मागितला. अहो, त्या सबंध सहलीत खरा वारसा कोणी दाखवला असेल तर त्या दार लावणाऱ्या बाईने! आठ शतके जवळ आलेले रंग आणखी टिकावेत म्हणून ती पाहुण्यांची नाराजी सोसते. अजिंठ्याच्या लेण्यांत शंभर वर्षांपूर्वी चांगल्या हेतूने लावलेल्या लाखेच्या वार्निशाने चित्रे पिवळी पडली, हे आपल्याला माहीत असायला हवे होते. मग दहा मिनिटांचा राग आला नसता.

माझ्या मनात मात्र सगळ्यांत जास्त सलते ते दाखवलेले नव्हे, न दाखवलेले.

बल्गेरियात व्हेलिको तर्नोव्होकडे जाताना एका गावात चहाला थांबलो. चौकात एक साधी दुमजली इमारत होती. आतून मुलांच्या गाण्याची तालीम ऐकू येत होती आणि खिडकीतून पुस्तकांची कपाटे दिसत होती. आमची स्थानिक मार्गदर्शिका त्याच देशातली मुलगी, तिला मी खुणेने विचारले. ती म्हणाली, ‘चितालिश्ते.’ वाचणे ह्या अर्थाच्या त्यांच्या धातूपासून झालेला शब्द. वाचनघर म्हणा. मी आत जाऊ लागलो, तोच शिट्टी झाली. कार्यक्रमात नाही!

परत आल्यावर मी वाचून काढले ते सांगतो. बल्गेरिया तुर्कांच्या सत्तेखाली होता तेव्हा, 1856 साली, स्विश्तोव्ह, लोम आणि शुमेन ह्या तीन गावांत लोकांनी वर्गणी करून पहिली वाचनघरे काढली. हा काही राजधानीचा उद्योग नव्हता. व्यापारी आणि शिक्षक ह्यांनी आपल्या भाषेतली पुस्तके ठेवली, आपल्या भाषेत व्याख्याने दिली. बल्गेरियन रंगभूमीचे पहिले प्रयोग त्याच साली ह्याच वाचनघरांच्या आसऱ्याने झाले. देश 1878 साली सुटला, त्याच्या बावीस वर्षे आधी. आज तिथे अशी तीन हजारांहून अधिक वाचनघरे आहेत आणि 2017 साली युनेस्कोने वारसा जपण्याची एक उत्तम रीत म्हणून त्यांची नोंद केली आहे. म्हणजे ज्या देशाचा सांस्कृतिक वारसा पाहायला आम्ही गेलो, त्याचा गाभा चौकात होता आणि आम्ही समोर उभे राहून चहा प्यालो.

ह्यात आपले काय, असे कोणी म्हणेल. आपले सगळेच आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 सालचे. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक केले ते 1843 साली. बल्गेरियनांच्या आधी आपण ह्या वाटेने निघालो होतो, तेही परक्या सत्तेखालीच. पुढे 1967 साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदान सुरू झाले. तेव्हापासून आपण निर्धास्त झालो. वाचनालय म्हणजे सरकारच्या अनुदानाची वाट पाहणारी खोली आणि तीत पेन्शनरांनी वाचायची वर्तमानपत्रे, अशी आपली समजूत झाली. तिथे मुलांच्या गाण्याची तालीम होऊ शकते, गावचे नाटक बसू शकते, हे आपल्याला परदेशात शिकता आले असते. बत्तीस माणसे बत्तीस गावांना ती कल्पना घेऊन परतली असती. आम्ही आणले काय? लोहचुंबकाची खेळणी, गुलाबाचे अत्तर आणि भुताचा पेला.

आता दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतील, त्यांनाही थांबवतो. ‘हेच तर आम्ही सांगतो, आधी आपला देश पाहा, परदेश कशाला?’ असे म्हणणारे देशाभिमानी प्रत्येक आळीत असतात. बाप्पा, तुम्ही आपला गाव तरी पाहिला का? हिंगणघाटात विल्यम लॅम्टनची कबर आहे. 1802 साली मद्रासजवळ जमिनीवर साखळ्या टाकून त्याने भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे, अर्धा टन वजनाचे यंत्र देवळांच्या गोपुरांवर आणि डोंगरांवर चढवीत, तो वीस वर्षे मोजत आला. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना, 1823 सालच्या जानेवारीत, तो सत्तरीचा म्हातारा आमच्या गावात मेला. काम एव्हरेस्टने उचलले. त्याच मोजणीतून जगातले सर्वांत उंच शिखर सापडले आणि त्याची उंची 1856 साली जाहीर झाली. होय, स्विश्तोव्हच्या वाचनघराचेच वर्ष! ही कबर कुठे आहे, असे मी ‘आधी आपला देश’वाल्या एका सद्गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, ‘असंल कुठं तरी. इंग्रजाची कबर पाहून काय करता?’ ब्राशोव्हच्या जर्मनांनी बांधलेला किल्ला रुमानियन लोक आपला म्हणून सांभाळतात, एवढे त्यांना सांगून मी घरी आलो. परदेशी जाऊन डोळे मिटणारा आणि घरी बसून डोळे मिटणारा ह्यांत मला फरक करता येत नाही.

विष्णुभट गोडसे वरसईहून 1857 साली निघाले ते मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळावी म्हणून. त्यांना ना छत्री होती, ना कार्यक्रम. झाशीत अडकले, वेढा सोसला, लूट सोसली आणि जे पाहिले ते पुढे लिहून ठेवले. तसे अडकावे असे मी कोणाला सुचवत नाही. पण कार्यक्रमात नसलेली एक दुपार तरी सहलीत असावी की नाही?

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी तामिळनाडूत. आनंद झाला, शाळेत पेढे वाटले. आता राजगडावर, साल्हेरवर छत्र्या येतील. तिथे ध्वनिवर्धकावरून लांडगे ओरडवायचे की पाण्याची टाकी कोणी खोदली, गडाखालच्या वाडीतल्या कोणत्या माणसांनी वाट राखली, हे सांगायचे, ते येत्या दोनचार वर्षांत ठरून जाईल. गिऱ्हाईक जे मागेल तेच विकले जाईल. बोयानाच्या दाराशी परतावा मागणारे गिऱ्हाईक गडावर काय मागेल, ह्याची मला धास्ती वाटते.

आमच्या आळीतली चार कुटुंबे पुढच्या उन्हाळ्यात त्याच दोन देशांना जाणार आहेत. पैसे भरण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडून कंपनीला एक पत्र लिहवून घेतले : ब्रानचा अर्धा दिवस कमी करावा आणि कोणत्याही लहान गावातल्या चितालिश्तेत एक संध्याकाळ द्यावी, मुले आपले एक गाणे म्हणतील, त्यांचे एक ऐकतील. आठ दिवसांनी उत्तर आले की छापील कार्यक्रमात बदल होत नाही. पैसे अजून भरलेले नाहीत. तेच पत्र मी परवा दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर टाकले आहे.