पहिल्या नाक्याची तपासणी

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरातील वडीलधारी मंडळी शल्यविशारदांना बहुधा एकच विनंती करतात : "काखेतल्या सगळ्या गाठी काढून टाका, मागे काही ठेवू नका." या विनंतीमागे माया असते, परंतु तिची किंमत रुग्णेला जन्मभर मोजावी लागण्याचा संभव असतो. काखेत साधारणतः २० ते ३० लसिकाग्रंथी असतात. त्या सरसकट काढल्यास हातातील द्रवाच्या निचऱ्यास अडथळा येतो आणि सुमारे पाचांपैकी एका रुग्णेचा हात सुजू लागतो. ही सूज सहसा पुरती ओसरत नाही.

जुन्या व्यापाऱ्यांना जकात नाका आठवत असेल. बाहेरून आलेला माल पेठेत शिरण्यापूर्वी तेथे थांबे. स्तनातून वाहणारा लसिकाद्रवही प्रथम काही मोजक्याच ग्रंथींत येतो. रोग पसरू लागला तर तो बहुधा तेथेच आधी सापडतो. हा नाका निर्दोष आढळला, तर सारी पेठ धुंडाळण्याचे कारण सहसा उरत नाही.

परंतु चरबीत दडलेली इवलीशी ग्रंथी शोधावी कशी? शस्त्रक्रियेपूर्वी टेक्नेशियम हे सौम्य किरणोत्सारी द्रव्य स्तनात टोचतात. त्याची तीव्रता दर ६ तासांनी निम्मी होते. गॅमा कॅमेऱ्याच्या प्रतिमेत ग्रंथीची जागा ठिपक्यासारखी उमटते. पुढे हातात धरावयाचे शोधकयंत्र व निळा रंग शल्यविशारदाला नेमके तेथे नेतात. निळ्या रंगाची पद्धत डॉ. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये त्वचेच्या कर्करोगासाठी, तर डॉ. अर्मांडो जुलियानो यांनी १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मांडली.

शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी द्यावयाची असल्यास आणखी एक दक्षता घ्यावी लागते. रोगट ग्रंथी औषधाने आक्रसते व नंतर ओळखू येत नाही. म्हणून सोनोग्राफीत पाहून तिच्यात धातूची बारीक क्लिप बसवतात. ही खूण औषधोपचार सुरू होण्यापूर्वीच करून घेणे इष्ट.

अनेक ग्रंथींत रोग पसरला असेल, तर त्या सर्व काढणे आवश्यक ठरू शकते; तो निर्णय डॉक्टरांचाच. मात्र संमतिपत्रावर सही करण्याआधी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : पहिल्या ग्रंथीची तपासणी येथे होते काय? केमोथेरपी आधी असल्यास खूण केव्हा करणार? आणि हे बोलणे दुकानातील पुरुषमंडळींपुरते न राहता रुग्णेच्या समक्ष व्हावे. हात तिचा आहे.