पंखा बघितला का, बॉस?

मुळशीच्या पाण्यासाठी ग्रुपने मिळून छोटी बोट घ्यायची ठरली, की चर्चा एकच: हॉर्सपॉवर किती? मोटरच्या पंख्याचं कुणी नावच काढत नाही. त्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे एका फेरीत पंखा पाण्यातून किती पुढे जाईल (अर्थात कागदावर!). सहा जण प्लस सामान नेणार असाल तर पिच कमी हवा. नाहीतर फुल थ्रॉटलला इंजिन ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोचतच नाही, नुसतं धापा टाकतं. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. रोज माणसं वाहायची असतील तर मात्र कमर्शियल मॉडेलच बघा. आणि किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेलीच हवी; तो पाण्यात पडला तरी इंजिन बंद पडतं, पंखा त्याच्यावर येत नाही.