बंदी आहे, बंदोबस्त नाही

जून उजाडला की आमच्या शिक्षकखोलीत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, छपराच्या गळक्या जागेखाली बादली. दुसरी, मोबाईलवर फिरणारा जिल्हा प्रशासनाचा आदेश: अमुक धबधबे, अमुक किल्ले, अमुक धरणं पर्यटकांसाठी बंद. बादलीबद्दल माझी तक्रार नाही. ती निदान पाणी धरते.

मी पुण्यातल्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आमची बहुतेक मुलं रिक्षाचालकांची, शिलाईकाम करणाऱ्यांची, भाजी विकणाऱ्यांची. सह्याद्री त्यांच्या घरापासून तासाभरावर आहे आणि तो त्यांनी भूगोलाच्या पुस्तकात पाहिला आहे. म्हणून दर पावसाळ्यात एक दिवस त्यांना डोंगरावर न्यावं, अशी माझी धडपड असते. एका वर्षी लोहगड ठरला होता. भाजे गावातून चढायचं, दुपारी दोनच्या आत खाली यायचं, दहा मुलांमागे एक मोठा माणूस. पालकांची संमतिपत्रं आली, बसवाल्याला आगाऊ रक्कम दिली. सहलीच्या दोन दिवस आधी बंदीचा आदेश आला. सहल रद्द. बसवाल्याने अर्धे पैसे परत दिले, तेही मेहरबानी म्हणून.

पुढच्याच रविवारी दहावीतली तीन मुलं एका दुचाकीवर बसून कुठल्याशा आडबाजूच्या धबधब्यावर जाऊन आली. एकाचा गुडघा सोलला होता, दुसऱ्याचा मोबाईल पाण्यात गेला होता. सोमवारी मी त्यांना उभं करून खूप बोललो. त्यातला एक शांतपणे म्हणाला, "सर, यादीतल्या जागी नव्हतो गेलो. तिथे बोर्डच नव्हता."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. आपण दरवर्षी धोक्याच्या जागांची यादी छापतो, आणि मुलं त्यातून शिकतात की यादीत नाही ती जागा सुरक्षित. चाळीस मुलांची, शिक्षकांसह, वेळ ठरवून निघालेली सहल आदेशाने थांबली. एका दुचाकीवरची तीन मुलं थांबली नाहीत. बंदी नेमकी कुणाला लागू होते, हे यावरून कळावं. जो विचारून जातो, त्याला.

आता कुणी म्हणेल, माणसं मरतात त्याचं काय? मरतात. मी ते नाकारत नाही. 30 जून 2024 चा रविवार कोण विसरेल? लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभं होतं, आणि पाण्याने त्यांना ओढून नेलं. पाच जण गेले. त्यात लहान मुलं होती. ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर जे संदेश फिरले तेही मी वाचले. "यांना अक्कल नसते", "फुकट पाणी दिसलं की उड्या मारतात". त्या "यांना" शब्दात काय काय भरलेलं होतं ते मला समजलं, आणि ज्यांनी लिहिलं त्यांनाही ते माहीत होतं. पण तो विषय बाजूला ठेवतो. अकलेचाच प्रश्न घेऊ.

डोंगरातलं पाणी कसं वाढतं, हे आपण कुणाला शिकवलं आहे? तुम्ही उभे असता तिथे पाऊस थांबलेला असू शकतो, आणि वरच्या पठारावर तो कोसळत असतो. घोट्याएवढं पाणी बघता बघता मांडीपर्यंत येतं. त्याआधी ते गढूळ होतं, त्यात पाचोळा आणि काटक्या येऊ लागतात, आवाज बदलतो. डोंगरात राहणाऱ्या माणसाला हे कळतं. शहरातल्या माणसाला कळत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलं नाही. तिथे उभं राहून "पाणी लाल झालं, बाहेर या" एवढं ओरडणारा एक माणूस हवा. तो नसतो. भुशी धरण रेल्वेचं. इंग्रजांच्या काळात वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून बांधलेलं. मागचा डोंगर वेगळ्या खात्याकडे, रस्ता तिसऱ्याकडे, गर्दी पोलिसांकडे. इतके मालक असलेल्या जागी, पाणी चढताना शिट्टी वाजवणं हे कुणाचंच काम नसतं.

उर्दू शिकवणारा माणूस आहे, म्हणून एका शब्दाकडे लक्ष वेधतो. बंदी आणि बंदोबस्त हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतून आले. दोघांच्या मुळाशी "बंद", म्हणजे बांधणं. पण बंदी म्हणजे दुसऱ्याला बांधणं, आणि बंदोबस्त म्हणजे व्यवस्था लावणं. त्यात बांधला जातो व्यवस्था लावणाराच. बंदीला एक कागद पुरतो. बंदोबस्ताला माणूस, दोर, पगार आणि जबाबदारी लागते. आपल्या प्रशासनाने पहिला शब्द उचलला आणि दुसरा पोलिसांच्या ड्युटीपुरता ठेवला.

हा कागद ज्या कलमाखाली निघतो तेही पाहा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 144 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 आहे. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. उपद्रव किंवा धोका अचानक समोर उभा राहिला, वेळ नाही, म्हणून दंडाधिकारी आदेश काढतो. त्याची मुदतही म्हणूनच साधारण दोन महिन्यांची. जानेवारी 2020 मध्ये काश्मीरमधल्या निर्बंधांच्या खटल्यात, अनुराधा भसीन प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कलमाखाली असे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल, आणि निर्बंध धोक्याच्या प्रमाणातच हवेत. मृग नक्षत्र दरवर्षी त्याच सुमाराला येतं. पाऊस ही अचानक उद्भवलेली आपत्ती नाही, पंचांगात छापलेली गोष्ट आहे. जी गोष्ट दरवर्षी येते तिची तयारी करायची असते. तिच्यावर दरवर्षी तातडीचा आदेश काढणं म्हणजे तयारी केली नाही याची लेखी कबुली.

आणि कागदाने काय साधतं? 15 जून 2025, पुन्हा रविवार, पुन्हा मावळ तालुका. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. फलक लावला म्हणजे काम झालं, या समजुतीवर तो पूल उभा होता. तो दिवस रविवार आहे, पाऊस चांगला आहे, गर्दी होणार आहे, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. पुलाच्या दोन्ही टोकांना माणूस लागत होता.

उलट उदाहरणही घ्या. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं सापडलीच नाहीत. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच सांगितलं. माझ्या विद्यार्थ्याचं वाक्य आठवा. तिथे बोर्ड नव्हता. डोंगर यादी वाचत नाही.

बंदीचा आणखी एक गुण आहे. ती पाकीट बघून लागते. लोकलने लोणावळ्याला उतरून चालत निघालेल्या माणसाला पोलीस अडवतात. त्याच डोंगरउतारावर, त्याच पावसात, खोलीतून धबधबा दिसतो म्हणून जास्त भाडं घेणारी रिसॉर्टं चालू असतात. तिकडे वाहनांची रांग लागते आणि तिला पर्यटन म्हणतात. इकडे लोकलमधून उतरतात त्यांना गर्दी म्हणतात. फटका गावालाही बसतो. कणसं भाजणाऱ्या, भजी तळणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या घरांचं वर्षाचं गणित या आठ-दहा रविवारांवर असतं.

मी डोंगर मोकाट सोडा म्हणत नाही. दारू पिऊन कड्यावर नाचणाऱ्याला हाकललंच पाहिजे. रेड अलर्ट असताना एकाही मुलाला मी स्वतः नेणार नाही. जंगलाला, पक्ष्यांना विश्रांती हवी असेल तर वनखात्याने वाट बंद करावी, कारण सांगावं, आम्ही पाळू. माझं म्हणणं एवढंच की बंद करायची ती त्या दिवशीची, त्या जागेची वाट. अख्खा ऋतू नव्हे. हवामान खातं जिल्हावार इशारा देतं. चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर पावसाला ते अतिमुसळधार म्हणतं. त्या इशाऱ्यावर सकाळी सहाला ठरवा: आज लाल बावटा, आज हिरवा. पायथ्याच्या गावातली पोरं दोर आणि शिट्ट्या देऊन पगारावर उभी करा. आज माणूस दरीत अडकला की लोणावळ्याच्या "शिवदुर्ग मित्र"सारख्या संस्थांचे स्वयंसेवक आपली कामं टाकून धावतात. सरकारचं काम ते करतात, आणि आपण त्यांना टाळ्या देतो.

हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांनी साताऱ्याजवळचं कास पठार बघावं. फुलांच्या हंगामात तिथे दिवसाला किती माणसं सोडायची याची मर्यादा आहे, आगाऊ नोंदणी आहे, प्रवेशशुल्क आहे, आणि आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्यासोबत ते सांभाळतात. तिथेही कुरबुरी आहेत, गर्दी आहे. पण फुलं वाचावीत म्हणून आपण रांग लावू शकतो, तर माणसं वाचावीत म्हणून का नाही? फक्त सगळी नोंदणी मोबाईलवर ढकलू नका. काही जागा पायथ्याशी, रोख पैशांवर ठेवा. नाहीतर बंदीच्या जागी दुसरी गाळणी येईल आणि माझी मुलं पुन्हा बाहेर राहतील.

2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं. त्यात लोहगड आहे. आम्ही शाळेत पेढे वाटले. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, तो आपला आहे ना? मग आपण कधी बघायचा?" मी म्हणालो, पावसाळा संपल्यावर. ती म्हणाली, पावसाळ्यानंतर परीक्षा असते.

येत्या पावसाळ्यात मी पुन्हा सहलीचा अर्ज करणार आहे. अर्जात तीन प्रश्न विचारणार आहे. त्या दिवशी वाटेवर तुमचा कोण माणूस असेल? पाणी कुठल्या खुणेला आलं की मागे फिरायचं? काही झालं तर हाक कुणाला मारायची? या तिन्हींची उत्तरं देऊन जर कुणी "आज येऊ नका" म्हणालं, तर तो आदेश मी मुलांना वर्गात मोठ्याने वाचून दाखवीन आणि सहल आनंदाने पुढे ढकलीन. उत्तरं नसतील, तर तो कागद पावसाळाभर बादलीशेजारी राहील.