टेस्टरचे आठही दिवे लागले, तरी...

कुसगावात राहून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करणाऱ्यांना पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातलं ते प्रॅक्टिकल ठाऊक असेल : लॅन केबल तयार करा, टेस्टरवर तपासा, मशीन जोडून पिंग करा. आता खरं सांगा, तुमच्या गटात क्रिंपर कुणाच्या हातात होता? बहुतेक गटांत एकाच्याच. बाकीचे फोटो काढतात, जर्नलमध्ये आकृती उतरवतात आणि मार्क सगळ्यांना सारखे पडतात. मग रूमवर वायफाय पोहोचत नाही म्हणून केबल टाकायची वेळ आली, की हीच मंडळी केबलवाल्याची वाट बघत बसतात.

काम अवघड नाही, पण नेमकं आहे. कनेक्टरची खिटी खालच्या बाजूला, सोनेरी पिना वर. डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम.

इथे एक प्रश्न पडायला हवा. हिरवी जोडी फोडून मध्येच निळी का घुसवली? पहिल्या वर्षाच्या पोराला हे विचित्र वाटतं आणि तो सरळ जोडीला जोडी लावून मोकळा होतो. दोन्ही टोकांना तसंच केलं, तर टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात. नेट मात्र रडतखडत चालतं, केबल लांब असेल तर जास्तच. कारण सिग्नल जातो जोडीने : एक-दोन, तीन-सहा, चार-पाच, सात-आठ. जोडीतल्या दोन तारांना दिलेला पीळ बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पाडतो, म्हणून तो पलीकडे वजा होतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी पेटंट घेतलेली ही युक्ती. तीन आणि सहा नंबरच्या पिनांवर वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा गेल्या, की पिळाचा उपयोग संपला. मधल्या चार-पाच पिना निळ्या जोडीला मिळाल्या तेही टेलिफोनमुळेच. फोनची लाइन जॅकच्या मधल्या दोन पिनांवर असायची. साधा टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचली का, एवढंच सांगतो. जोडी फुटली आहे हे त्याला कळत नाही, ते तुम्हालाच कळावं लागतं.

म्हणूनच पीळ जेमतेम अर्धा इंच सोडवायचा आणि केबलचं वरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं जाईल असं बघायचं. नुसत्या तारांवर लोंबकळणारा कनेक्टर महिनाभरात दगा देतो. शंभर एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे तपकिरी तार नीट बसली नसेल, तर नेट बंद पडेलच असं नाही. अनेकदा ते गुपचूप शंभरवर उतरतं. प्लॅन तीनशेचा घेतलेला असतो आणि शिव्या कंपनीला बसतात!

बाजारात स्वस्त केबल मिळते, तिच्यात ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडून बघा, आत चंदेरी दिसली तर ठेवा परत.

आणि आपल्याकडचा पाऊस. गच्चीवरून येणारी केबल बाहेर वापरायची जाड आवरणाचीच घ्या आणि भिंतीतून आत नेण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच टपकून जाईल. दोन इमारतींमध्ये मात्र तांब्याची तार ओढू नका. विजेचा धोका असतो, तिथे फायबरच हवं.

कॉलेजांकडे आमची मागणी साधी आहे. प्रत्येकाने एक केबल, दोन्ही टोकं, स्वतःच्या हाताने. आणि मार्क त्या केबलला द्या, जर्नलमधल्या आकृतीला नकोत. कनेक्टर काही रुपयांना मिळतो. तुमचे पहिले दोन-तीन वाया जातीलच, तेव्हा केबल मापापेक्षा हातभर जास्त कापा.