सुबत्तेचे श्रेय कोणाला?

एखाद्या समाजाची भरभराट झालेली दिसली, की तिचे कारण त्या समाजाच्या अंगच्या गुणांत शोधण्याची आपल्याला फार जुनी खोड आहे. अमुक लोक उपजतच कष्टाळू, तमुक लोक उधळे, आणखी कोणी चिकट म्हणून श्रीमंत! चहाच्या टपरीवर हे कानी पडले तर सोडून देता येते. परंतु अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकांतूनही हीच मते जरा भारदस्त भाषेत उतरू लागली, की ती तपासून पाहणे भाग पडते. तपासण्यासाठी मी मुद्दामच दूरचे उदाहरण घेतो, कारण जवळच्या उदाहरणात माणसे लगेच चिडतात. अमेरिकेत स्थायिक झालेले दोन समाज घेऊ. एक इटालियन वंशाचा, दुसरा फिलिपिनो वंशाचा. दोन्ही बहुतांशी कॅथलिक, दोन्ही कुटुंबवत्सल म्हणून प्रसिद्ध, आणि दोहोंची पहिली माणसे तिकडे गेली ती हातात कुदळ नाहीतर कोयता धरायला. धर्म आणि घराची ओढ सारखीच असल्यामुळे ही जोडी तुलनेला सोयीची आहे.

प्रथम कोष्टक पाहू. २०१९ साली अमेरिकेतील सर्व घरांचे मध्यक वार्षिक उत्पन्न, म्हणजे निम्मी घरे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असा आकडा, ६५ ते ६९ हजार डॉलरच्या दरम्यान होता. फिलिपिनो घरांचा आकडा सुमारे ९० हजार. इटालियन वंशाची घरे राष्ट्रीय आकड्याच्या बरीच वर, पण फिलिपिनो घरांच्या खाली. ज्यांचे पूर्वज शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आले, ज्यांच्यातून न्यू यॉर्कचे महापौर, राज्यांचे गव्हर्नर, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, त्यांच्यापुढे अलीकडे आलेला, सावळ्या कातडीचा, एकेकाळी अमेरिकेचाच गुलाम असलेला समाज निघून गेला! यावरून कोणी म्हणेल, पाहा, वर्णभेद वगैरे सब झूट. ज्याच्यात धमक आहे तो वर येतोच.

मला हा निष्कर्ष मान्य नाही. धमक नव्हती असे माझे म्हणणे नाही. पण धमक असलेली माणसे कोणत्या दारातून आत आली आणि आत आल्यावर त्यांच्या वाट्याला काय आले, हे कोष्टकात दिसत नाही.

इटालियनांची गोष्ट आधी घेतो. १८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत उतरले. त्यांतील वीस लाखांहून अधिक १९०१ ते १९१० या एका दशकात. बहुतेक दक्षिण इटलीतले आणि सिसिलीतले भूमिहीन किंवा अल्पभूधारक शेतकरी. निम्म्याहून अधिकांना अक्षरओळख नव्हती. बोटीच्या भाड्यापासून कामापर्यंत सारे ‘पाद्रोने’च्या हाती. पाद्रोने म्हणजे आपला मुकादमच: उचल द्यायची, माणसे गोळा करायची, आणि मजुरीतून आपला वाटा कापायचा. न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेचे बोगदे याच लोकांनी खणले. १९११ साली त्या शहरातील ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले, त्यांत इटालियन आणि ज्यू मुलीच फार होत्या. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने तुरुंग फोडून अकरा इटालियनांना ठार मारले होते. साक्को आणि व्हान्झेत्ती या दोघांना १९२७ साली विजेच्या खुर्चीत बसवले गेले, तेव्हा त्यांच्यावरील खटला न्यायाने चालला की द्वेषाने, हा वाद जगभर झाला. मुले शाळेत टिकत नसत. बारा-चौदा वर्षांचा पोरगा घरात मजुरी आणू लागला, की आईबापांना तेच बरे वाटे. त्या काळी कोणी असे कोष्टक मांडले असते, तर इटालियन हा उपजतच मागासलेला, अडाणी आणि गुन्हेगार समाज आहे असा निष्कर्ष त्यातून सहज निघाला असता. खरे म्हणजे तसे निष्कर्ष त्या वेळी निघालेच, आणि त्यांच्याच जोरावर १९२४ च्या कायद्याने इटालियनांची वार्षिक आवक चार हजारांच्याही खाली आणली.

पण एक गोष्ट त्यांच्यापाशी होती. १७९० च्या कायद्याने अमेरिकेचे नागरिकत्व ‘मुक्त गोऱ्या’ माणसालाच देऊ केले होते आणि इटालियन, कितीही तुच्छ लेखला तरी, कायद्याच्या लेखी गोरा होता. तो नागरिक होऊ शके, मत देऊ शके, जमीन घेऊ शके, बायको आणू शके. जियानिनी या इटालियन स्थलांतरिताच्या मुलाने १९०४ साली सॅन फ्रान्सिस्कोत छोट्या माणसांसाठी ‘बँक ऑफ इटली’ काढली. तीच पुढे ‘बँक ऑफ अमेरिका’ झाली. दुसऱ्या महायुद्धात लाखो इटालियन तरुण अमेरिकेच्या बाजूने लढले, आणि १९४४ च्या सैनिक-कायद्याने परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने महाविद्यालयीन शिक्षण व घरासाठी कर्जाची हमी मिळाली. माझ्या मते या समाजाच्या सुबत्तेचा पाया इथे घातला गेला. १९४७ पासून न्यू यॉर्कजवळ लेव्हिटाउनसारखी नवी उपनगरे उठली. तेथील सुरुवातीच्या करारात गोऱ्यांखेरीज कोणी राहू नये अशी स्पष्ट अट होती. बोगदे खणणाऱ्याचा नातू या घरांत राहायला गेला. घराची किंमत वाढत गेली, ते मुलांकडे आले. मुलांनी ते तारण ठेवून आपल्या मुलांना शिकवले. कोष्टकातल्या ‘उत्पन्न’ या रकान्यात हे घर कोठेच येत नाही.

आता फिलिपिनो. १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेने फिलिपाइन्स बेटे घेतली; बदल्यात दोन कोटी डॉलर दिले. बेटांवरच्या लोकांना अर्थातच कोणी विचारले नाही, आणि त्यांनी केलेले स्वातंत्र्ययुद्ध चिरडले गेले. त्यानंतर फिलिपिनो हा अमेरिकेचा ‘प्रजाजन’ झाला, नागरिक मात्र नाही. १९०६ साली हवाईच्या साखर-मळेवाल्यांनी पहिले पंधरा मजूर नेले. पुढच्या चाळीस वर्षांत तिकडे गेलेल्यांची संख्या लाखावर गेली. कॅलिफोर्नियात शतावरी, लेट्यूस, द्राक्षे यांच्या शेतांत आणि अलास्कात मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत हीच माणसे. मळेवाल्यांना एकटे, तरुण पुरुष हवे होते. परिणामी कॅलिफोर्नियात दहा-चौदा फिलिपिनो पुरुषांमागे एक फिलिपिनो स्त्री अशी अवस्था होती. गोऱ्या मुलीशी लग्न करावे, तर १९३३ साली त्या राज्याने कायदा दुरुस्त करून तेही बेकायदा ठरवले. वॉटसनव्हिलला १९३० मध्ये फिलिपिनोंवर हल्ले होऊन एका तरुणाला प्राण गमवावा लागला. १९३४ च्या कायद्याने बेटांना स्वातंत्र्याचे आश्वासन दिले आणि त्याच कलमांत त्यांची आवक वर्षाला पन्नास माणसांवर आणली. आश्वासनाची खरी किंमत ती.

थोडक्यात, ज्या काळात इटालियन मजूर संसार थाटत होता, त्या काळात फिलिपिनो मजुराला संसारच करता येत नव्हता. हे म्हातारे पुढे ‘मानोंग’, म्हणजे दादा, या नावाने ओळखले गेले. १९६५ च्या सप्टेंबरात डेलानो येथे द्राक्षमळ्यांवरचा सुप्रसिद्ध संप लॅरी इटलिओंग यांच्या पुढारपणाखाली प्रथम त्यांनीच पुकारला. सीझर चावेझ यांची मेक्सिकन संघटना नंतर त्यात आली, नाव मात्र चावेझ यांचे अधिक झाले. सॅन फ्रान्सिस्कोतील इंटरनॅशनल हॉटेलच्या भाड्याच्या खोल्यांतून १९७७ साली पोलिसांनी रातोरात बाहेर काढले, त्यांतही असे कित्येक निवृत्त, अविवाहित फिलिपिनो होते. आयुष्यभर राबून त्यांच्या नावावर एक खोली नव्हती, आणि असती तरी बहुतेकांना ती द्यायला वारस नव्हता.

महायुद्धाचा हिशेब तर फारच कडवट आहे. अमेरिकेच्या झेंड्याखाली अडीच लाखांवर फिलिपिनो लढले. १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकन संसदेने कायदा करून ठरवले, की यांतील बहुतेकांची सेवा ही माजी सैनिकांच्या सवलतींसाठी ‘सेवा’ धरायची नाही. ज्या सैनिक-कायद्याने इटालियन मजुराच्या मुलाला कॉलेज आणि घर दिले, तोच कायदा या सैनिकांपुरता मिटवला गेला. २००९ साली, म्हणजे त्रेसष्ट वर्षांनी, जे जिवंत होते त्यांना एकरकमी भरपाई मंजूर झाली: अमेरिकेचे नागरिक असल्यास पंधरा हजार डॉलर, नसल्यास नऊ हजार.

मग ते ९० हजार डॉलर आले कोठून? ते मानोंगांच्या नातवांचे नाहीत. निदान मुख्यतः नाहीत. ते १९६५ नंतर आलेल्या निराळ्याच माणसांचे आहेत. त्या वर्षीच्या कायद्याने देशवार कोटा रद्द केला आणि नातेवाईक व कुशल माणसे यांना दार उघडले. फिलिपाइन्समध्ये अमेरिकनांनीच आपल्या राजवटीत, आपल्या अभ्यासक्रमाच्या आणि इंग्रजी माध्यमाच्या परिचारिका-शाळा काढलेल्या होत्या. त्यामुळे मनिलाची परिचारिका शिकागोच्या इस्पितळात दुसऱ्या दिवशी कामाला उभी राहू शके. १९६० पासून दीड लाखांहून अधिक फिलिपिनो परिचारिका अमेरिकेत गेल्या. १९७४ पासून तर मार्कोस सरकारने माणसे परदेशी कामाला पाठवणे हे अधिकृत धोरणच केले. शिकलेली, इंग्रजी बोलणारी, परीक्षा उत्तीर्ण झालेली माणसे निवडून घेतली आणि त्यांचे उत्पन्न मोजले, तर ते जास्त भरणारच! यात नवल ते काय? शंभर विद्यार्थ्यांतून पहिल्या वर्गातले दहा निवडायचे आणि मग त्या गावचे पाणीच बुद्धिमान आहे म्हणायचे, असा हा प्रकार झाला.

शिवाय हे उत्पन्न ‘घराचे’ आहे. फिलिपिनो घर मोठे असते. आजी-आजोबा, भाऊ, भाची सारे एका छपराखाली, आणि कमावते हातही दोन-तीन. माणशी हिशेब केला, तर क्रम उलटतो आणि इटालियन वंशाचे लोक पुढे जातात. त्यातूनही फिलिपिनो घराचा एक भाग दरमहा मायदेशी जातो. २०२३ साली परदेशस्थ फिलिपिनोंनी घरी पाठवलेली रक्कम ३३ अब्ज डॉलरवर होती, आणि तिचा सर्वांत मोठा वाटा अमेरिकेतून आला. इटालियनांचा पणजोबाही असेच पैसे सिसिलीला पाठवी. पणतू पाठवत नाही. पुष्कळ फिलिपिनो महागड्या कॅलिफोर्नियात राहतात हाही मुद्दा काही जण पुढे करतात, पण न्यू यॉर्क-न्यू जर्सी तरी कोठे स्वस्त आहेत? तो मुद्दा मी ताणत नाही.

‘इटालियन’ हा रकानाही आता बराच विरघळलेला आहे. आज स्वतःला इटालियन वंशाचा म्हणवणारा अमेरिकन बहुधा चौथ्या पिढीतला. त्याची एक आजी आयरिश, एक जर्मन. एका बाजूला चौथी पिढी आणि दुसऱ्या बाजूला नुकतीच विमानातून उतरलेली पदवीधर पिढी, अशी ही तुलना आहे.

कोणी विचारील, की मग स्वभाव, संस्कृती यांना काहीच अर्थ नाही का? आहे. एकत्र राहण्याची सवय नसती तर फिलिपिनो घरांना कॅलिफोर्नियातील हप्ते झेपले नसते. इटालियनांच्या परस्पर-साहाय्य मंडळांनी आजारपण आणि मयताचा खर्च सांभाळला नसता, तर कित्येक घरे उघड्यावर पडली असती. पण मानोंग काही कमी कष्टाळू नव्हते. त्यांची आणि नंतरच्या परिचारिकांची संस्कृती एकच होती. कित्येकदा जिल्हासुद्धा एकच. मध्ये बदलला तो कायदा.

इथवर वाचून आपला काय संबंध, असे वाटणाऱ्यांसाठी एक तपशील. ज्या १९४६ च्या कायद्याने फिलिपिनोंना अमेरिकन नागरिकत्वाचा हक्क व वर्षाला शंभर जणांचा कोटा दिला, त्याच कायद्याने तोच हक्क आणि तेवढाच कोटा आपल्यालाही दिला. त्यापूर्वी, १९२३ साली, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस ‘गोरा’ नसल्याने नागरिकत्वास अपात्र ठरवला होता. १९६५ नंतर मुंबई-पुण्या-नागपूरचे डॉक्टर आणि अभियंते त्याच दारातून गेले, ज्यातून मनिलाच्या परिचारिका गेल्या. २०१९ च्या आकड्यांत भारतीय वंशाच्या घरांचे मध्यक उत्पन्न सुमारे १ लाख १९ हजार डॉलर, फिलिपिनोंच्याही वर. आपल्याकडे लग्नकार्यात, मंडळाच्या स्मरणिकांत हा आकडा मराठी बुद्धीचा दाखला म्हणून सांगितला जातो. त्या डॉक्टरांचे शिक्षण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नाममात्र फीमध्ये झाले, उरलेला खर्च इथल्या करदात्यांनी, म्हणजे विडी-काडीवर कर भरणाऱ्यांनीही, उचलला. त्यांच्याच वर्गातून मॅट्रिकला गळालेली मुले अमेरिकेच्या कोष्टकात येत नाहीत. ती इथल्या कोष्टकात येतात.

मनिलाकरांनाही हा हिशेब २०२० साली पुन्हा मांडावा लागला. करोनाच्या साथीत अमेरिकेतील परिचारिकांच्या संघटनेने सप्टेंबरपर्यंतचे मृत्यू मोजले. देशातल्या एकूण परिचारिकांत फिलिपिनो शेकडा चार. मेलेल्या परिचारिकांत शेकडा एकतीसच्या वर. त्यांतल्या पुष्कळ जणी रुग्णाच्या अगदी उशाशी थांबावे लागते अशा विभागांत होत्या, आणि त्या विभागांत जादा पाळ्याही असतात. घराचे ९० हजार भरतात त्यात या पाळ्यांचे पैसे धरलेले असतात.