बार दीडपर्यंत, मेट्रो अकरापर्यंत



मद्यपी वाहनचालकांवरील कारवाईची बातमी या आठवड्यात आपल्या अंकात पुन्हा आली. नाकाबंदीचा फोटो, यंत्रात फुंकणारा तरुण, किती जणांवर खटले भरले त्याचा आकडा आणि ‘कारवाई यापुढेही सुरू राहील’ हे ठरलेले वाक्य. दर मोठ्या अपघातानंतर आणि दर थर्टी फर्स्टला ही बातमी येते, फक्त आकडा बदलतो. माझी तक्रार नाक्यावर उभ्या असलेल्या हवालदाराबद्दल नाही, त्याला तिथे उभे करून हात झटकणाऱ्यांबद्दल आहे. पुण्यात परमिट रूम आणि पब रात्री दीडपर्यंत उघडे असतात. मेट्रो अकराला बंद होते. मधल्या अडीच तासांत जो पिऊन बाहेर पडेल, त्याने घरी कसे जावे अशी सरकारची अपेक्षा आहे?

कल्याणीनगरचा पोर्श अपघात १९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास झाला. पुढे जामिनाच्या अटीतला तीनशे शब्दांचा निबंध, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, न भरलेले १,७५८ रुपयांचे नोंदणी शुल्क यावर इतके बोलले गेले की एक साधी गोष्ट बाजूलाच राहिली. त्याच कल्याणीनगरात मेट्रोचे स्थानक आहे आणि ते अपघाताच्या जेमतेम अडीच महिने आधी सुरू झाले होते. तेव्हा मेट्रो रात्री दहापर्यंतच धावायची, आता अकरापर्यंत धावते. पोर्शमधला मुलगा मेट्रोने गेला नसता, हे मलाही कळते. पण त्या रात्री त्या भागातल्या पबमधून बाहेर पडलेले बाकीचे शेकडो लोक काही पोर्शवाले नव्हते. ते मोपेड आणि हप्त्यावर घेतलेल्या छोट्या गाड्यांवरून गेले आणि कुणाला धडक बसली नाही म्हणून त्यांची बातमी झाली नाही.

रुळांच्या आणि गाड्यांच्या देखभालीला रात्रच लागते, हे उत्तर मला पाठ आहे आणि ते खोटेही नाही. पण गणेशोत्सवात हीच मेट्रो मध्यरात्रीनंतर धावते, विसर्जनाच्या दिवशी तर रात्रभर. बाप्पासाठी जमते ते शुक्रवार-शनिवारच्या रात्री, फक्त दोनपर्यंत, का जमू नये? पीएमपीच्या रातराणी आहेत. कात्रज, स्वारगेट, पुणे स्टेशन अशा मोजक्या जुन्या मार्गांवर. शहर मात्र तेवढ्यावर थांबलेले नाही. महापालिकेने २०२१ मध्ये २३ गावे पोटात घेतली. वाघोली, मांजरी, सूस, नऱ्हे इथे माणसे राहायला गेली आणि त्यांची शनिवारची संध्याकाळ कोरेगाव पार्क, मुंढवा आणि बाणेरला राहिली. येताना पंधरा किलोमीटर आणि जाताना पंधरा. त्यातले जातानाचे पंधरा कसे पार पडतात, याची चौकशी कोणत्याच खात्याकडे नाही.

उलट गाडी आणण्याची सोय आपण नियमाने करून ठेवली आहे. हॉटेलसाठी वाहनतळ किती हवा, याचा तक्ता बांधकाम नियमावलीत आहे. पिणारा परत कसा जाणार, याचा रकाना परवान्याच्या अर्जात कुणी पाहिला असेल तर कळवावे. मोठ्या पबच्या दाराशी व्हॅलेची मुले असतात. गिऱ्हाईक पायऱ्या उतरताना कठडा धरून येते, मुलगा धावत जाऊन गाडी आणतो, दार उघडून धरतो, किल्ली हातात ठेवतो आणि पन्नासची नोट घेतो. पुढच्या चौकात नाकाबंदी असली तर ती कुठल्या गल्लीने टाळायची हेही सांगतो. हे मी माझ्या घराजवळच्या रस्त्यावर डोळ्यांनी पाहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली दंड २०१९ मध्ये दोन हजारांवरून दहा हजारांवर नेला, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैद आहेच. तो सगळा चालकाला. झुलणाऱ्याच्या हातात किल्ली देणारा आणि त्याला पाचवा पेग ओतणारा यांना काय? महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो. पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना प्रत्येक बारमध्ये मिळायला हवा. तो मागताना किंवा देताना कुणाला कुणी पाहिले आहे? कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, तिचीही तीच गत. मोठा अपघात झाला की चार दिवस ओळखपत्रे तपासायची, पाचव्या दिवशी सगळे पूर्ववत.

नाकाबंदी नको, असे मी म्हणत नाही. ठरलेल्या चौकात, ठरलेल्या वेळी नको. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने १९८२ मध्ये कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही चालकाला, संशय नसतानाही थांबवून श्वासचाचणी सुरू केली आणि तिथले अपघाती मृत्यू झपाट्याने खाली आले. आपण पकडले जाऊच, अशी धास्ती असली तरच दंडाच्या रकमेला अर्थ. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला, तिघे गेले, त्यांत दोन लहान मुले. चालक प्यायलेला होता. त्याला मेट्रोचे वेळापत्रक देऊन काही उपयोग नव्हता. तिथे प्रश्न डंपरच्या मालकाचा आहे. रेल्वेत लोको पायलटला कामावर हजर होताना श्वासचाचणी द्यावी लागते. रात्री शहरात खडी-वाळू घेऊन शिरणाऱ्या डंपरच्या चालकाला किल्ली देण्यापूर्वी ती का नाही?

आणि रिक्षा. मध्यरात्रीनंतर जादा दर आकारण्याची मुभा त्यांना आहे, तो द्यायला माणसे तयारही असतात. पण पबबाहेर उभी असलेली रिक्षा मीटरवर जात नाही, मीटर बंद आहे म्हणते, ‘तिकडे नाही जाणार’ म्हणते, आणि ॲपवरची गाडी आपण कुठे जाणार हे विचारून फेरी रद्द करते. न प्यायलेल्या परिचारिकेला, आयटीतल्या मुलीला आणि स्टेशनवर उतरलेल्या म्हाताऱ्यालाही हाच अनुभव येतो. आरटीओला यासाठी नवा कायदा लागत नाही.

बारचे परवाने दरवर्षी नव्या आर्थिक वर्षासाठी नूतनीकरणाला येतात. राज्य उत्पादन शुल्क विभागाने त्यात दोनच अटी घालाव्यात: प्यायलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली दिल्याचे सिद्ध झाले तर परवाना जाईल, आणि दीडपर्यंत बार चालवायचा असेल तर त्या भागातल्या रातराणीच्या खर्चात वाटा उचलावा लागेल. बारवाल्यांना हे परवडणार नसेल, तर बारही मेट्रोबरोबर अकराला बंद करावेत. पालकमंत्री, पोलिस आयुक्त आणि पीएमपीचे अध्यक्ष यांनी एकत्र बसून ३१ मार्चपूर्वी हा निर्णय जाहीर करावा.

— एक वाचक, वडगाव शेरी, पुणे